जुना पार्ट

१

कसबा बावड्यात कुणाचं लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी मंडपवाला गाठायचा आणि तिथून उठून संघप्रियाकडे पत्रिका करायला यायचा. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान. पत्रिका, मंडळाची पोस्टरं, वाढदिवसाचे बोर्ड हे रोजचं काम, आणि कुणाचा कॉम्प्युटर बिघडला तर तोही ती खोलून दुरुस्त करून द्यायची. साल २००५. गल्लीत सपाट मॉनिटर यायला लागले होते. संघप्रियाचा जीव मात्र एका काळ्या, जाडजूड लॅपटॉपवर होता. नव्वदच्या दशकातलं मशीन ते, मांडीवर घेतलं तर मांडी भाजायची. पण तिचे जुने मराठी फॉन्ट दुसऱ्या कशावर चालत नसत, आणि भारनियमनाच्या दुपारी सगळी गल्ली हातपाय गाळून बसायची तेव्हा तिचं दुकान तेवढं चालू असायचं.

त्या लॅपटॉपची एक गंमत होती. त्याच्या दोन्ही कुशींना एकेक खण होता, खटका दाबला की खणातला पार्ट हातात यायचा. फ्लॉपी काढा, तिथं सीडी घाला. सीडी काढा, तिथं दुसरी बॅटरी घाला. डावीकडचं उजवीकडे चालायचं आणि उजवीकडचं डावीकडे. पार्ट नीट बसला की ‘खट्ट’ असा आवाज व्हायचा, आणि तो ऐकला की संघप्रियाला बरं वाटायचं.

दुकानाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे वडील बसायचे. बाळासो. साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले, त्याआधी तालमीतले पैलवान. डावा कान कुस्तीनं मोडून पार गोळा झालेला. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला जाताना संघप्रिया तोच कान धरायची, कारण तो घट्ट होता आणि हातातून निसटायचा नाही. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. ती त्यांना आबा म्हणायची, आणि ते तिला पिऊ. तिला या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आबांनी तिला धंद्याचा एकच नियम शिकवला होता. दुरुस्ती झाली की काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवायचा नाही, पिशवीत टाकायचा नाही. हातात. गिऱ्हाइकाला नको असला तरी द्यायचा, मग त्यानं तो बाहेर जाऊन गटारात टाकला तरी चालेल. नाहीतर आपण चोर, असं आबांचं म्हणणं होतं.

२

गडमुडशिंगीच्या रस्त्याला हंबीररावांचं भंगाराचं गोडाऊन होतं. बंद पडलेल्या ऑफिसांतलं सामान ते उचलायचे आणि त्यातलं काही बरं दिसलं की संघप्रियाला आणून दाखवायचे. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता, तेव्हा ते एक लॅपटॉप घेऊन आले. तोही काळा, तोही जाड, अगदी तिच्यासारखाच. चालू होत नव्हता, पण खणातले पार्ट चांगले होते. तुम्हाला लागतील ते काढून घ्या, उरलेला सांगाडा मला परत द्या, असं म्हणून ते गेले.

तिच्या मशीनची फ्लॉपी बरेच दिवस कुरकुरत होती. दुपारी लाईट गेल्यावर तिनं दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. सांगाड्यातली चांगली फ्लॉपी काढून आपल्या खणात घातली, आपली जुनी त्याच्या खणात घातली. नियमाप्रमाणे, म्हणजे परत करताना माल पुरा असावा.

खट्ट.

आणि मग जरा वेळानं, हळू, पुन्हा खट्ट.

तिनं दोन्ही मशीनं बघितली. दोन्ही पार्ट नीट बसले होते. एखादा स्प्रिंगचा आवाज असेल, असं म्हणून तिनं पत्रिका उघडली. फ्लॉपी झकास चालत होती.

चहाच्या वेळी पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा तिच्या अंगठ्याला काहीतरी कमी लागलं. तिच्या आईचा तांब्या होता तो, गळ्याखाली आईचं नाव घातलेला, आणि नावाच्या खाली अंगठा बरोबर बसेल असा पोचा होता. ती पाच-सहा वर्षांची असताना तिनंच तो उंबऱ्यावर आपटला होता. आज पोचा नव्हता. नाव होतं, पण पत्रा सगळीकडे गुळगुळीत होता.

तिनं तांब्या उजेडात धरून फिरवला. मग आबांना विचारलं, हा पोचा कधी काढून आणला? आबा म्हणाले, कसला पोचा? आबा आता विसरतात, कुठल्या तरी भांडीवाल्याकडून काढून घेतला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कामाला लागली.

३

बॅटरीही थकली होती, म्हणून दोन-चार दिवसांनी तिनं ती बदलली. खट्ट. मागून हळू दुसरा खट्ट. या वेळी तिला वाटलं, दुसरा आवाज लॅपटॉपच्या आतून आला, पण जितका लॅपटॉप जाड आहे त्याहून बराच लांबून.

त्या दिवशी संध्याकाळी कारखान्याचा भोंगा रस्त्याकडून वाजला.

हे सांगायला साधं वाटतं. पण जन्मापासून तो भोंगा तिनं मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकला होता. आई त्या खिडकीशी भाकरी थापायची आणि भोंगा झाला की तवा उतरवायची. कारखान्याच्या धुराड्यातल्या राखेची काळी कुसं त्याच खिडकीतून पिठात पडायची. संघप्रिया पळत मागे गेली. खिडकीचा कट्टा स्वच्छ होता. दुकानाच्या पुढच्या पायरीवर मात्र काळी कुसं पसरली होती, आणि ती आज पडलेली वाटत नव्हती. फरशीच्या सांध्यांत वर्षांची काजळी बसली होती.

शेजारच्या चिमणाबाई दूध घालायला आल्या. त्यांच्या दोन म्हशी, थोडा ऊस, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची काळजी. संघप्रियाचा चेहरा बघूनच त्यांनी काय झालं ते विचारलं. भोंगा कुठून वाजतो, असं तिनं विचारलं तर त्यांनी रस्त्याकडे हात केला आणि वर तिच्या कपाळाला हात लावून बघितला. लिंबू आणि मीठ-मिरची उतरून टाक, संध्याकाळचं काहीतरी अंगावर आलं असंल, असं त्यांचं निदान होतं.

“आमच्या घरात उतारं टाकत न्हाईत, चिमणाकाकी,” संघप्रिया म्हणाली. “आज्ज्यानं दीक्षा घेतली तवाच ते सगळं गटारात टाकलंय. आता मी काय गटारातनं काढून आणू व्हय?”

चिमणाबाई हसल्या, पण दूध मापताना त्यांचा हात जरा घाईनं चालला.

संघप्रियाला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ज्या घरानं देव्हारे सोडले, भुतंखेतं सोडली, उपासतापास सोडले आणि डोकं तेवढं ठेवलं, त्या घरात कुणीतरी येऊन भिंतींची उलटापालट करावी आणि तिनं लिंबू फिरवत बसावं, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. तिनं बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, आबांच्या शेजारी बसून नेहमीची वंदना म्हटली, आणि ठरवलं की कानाच्या डॉक्टरला दाखवायचं.

४

कानाच्या डॉक्टरकडे जायच्या आधी सीडीचा पार्ट बदलून घेऊ, म्हणजे हंबीररावांचा सांगाडा तरी मोकळा होईल, असा तिनं विचार केला. इथं तिचं चुकलं असं कुणीही म्हणेल. पण तोवर तिच्या डोक्यात तांब्या, भोंगा आणि लॅपटॉप या गोष्टी एका ओळीत बसल्या नव्हत्या, आणि का बसाव्यात?

दुपार होती. आबा खुर्चीत डुलकी घेत होते. तिनं सीडीचा पार्ट आत ढकलला. खट्ट. मग बराच वेळ काहीच नाही. ती श्वास धरून बसली. आणि दुसरा खट्ट तिच्या पाठीमागे झाला, खुर्चीच्या बाजूला.

तिनं वळून बघितलं. आबा डुलकी घेत होते, तोंड पलीकडे करून.

तेवढ्यात हंबीरराव आले. तिनं सांगाडा, तिच्या जुन्या पार्टांसकट, नियमाप्रमाणे त्यांच्या हातात दिला. ते गेले, तिनं चहा ठेवला आणि आबांना हलवून उठवलं. आबा उठले, तिच्याकडे बघून हसले. उजवा कान मोडून गोळा झालेला होता. डावा कान धडधाकट, पातळ, उन्हात लालसर दिसणारा.

“च्या झाला का, संगू?” ते म्हणाले.

कपबशी तिच्या हातातून पडली नाही. तिनं ती टेबलावर ठेवली, गुडघ्यावर बसली आणि बोटांनी तो उजवा कान चाचपून बघितला. घट्ट, खरा. मग उठून ती भिंतीपाशी गेली, तिथं आबांचा तरुणपणीचा फोटो होता, खांद्यावर चांदीची गदा. फोटोतही उजवाच कान. स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी लावली असेल, असं तिनं मोठ्यानं म्हटलं. तिच्याच आवाजाची तिला कीव आली.

“आबा, कान कुठला मोडलाय तुमचा?”

त्यांनी उजव्या कानाला हात लावला.

“पयल्यापासनं हाच की,” ते म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. आवाज तोच, हाताचे घट्टे तेच, चहा बशीत ओतून फुंकर मारायची रीत तीच. तिची आईही त्यांना आठवत होती. पण ते तिला पिऊ म्हणत नव्हते, आणि संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा त्यांचं डोकं आधी स्वयंपाकघराकडे वळलं, मग ओशाळल्यासारखं रस्त्याकडे. ते तिनं बघितलं. त्यांनाही तो भोंगा उलटाच वाटत होता.

तेव्हा सगळं एका ओळीत बसलं. तिनं दुसऱ्याच्या मशीनमधलं घेतलं होतं आणि आपलं दिलं होतं. पार्टाला पार्ट. शेवटचा पार्ट तिचे आबा होते.

५

सकाळी ती गडमुडशिंगीच्या रस्त्याला पोहोचली तेव्हा हंबीरराव वजनकाट्याशी उभे होते. सांगाडा परत द्या, असं ती म्हणाली. त्यांना ते ऐकून मजा वाटली.

“ताई, चेष्टा करताय का? काल दिवस मावळायच्या आत तुमीच न्हाय का आलासा? सांगाडा मागितलासा, मी दिला. हातात दिला. हातातच द्या म्हनून तुमीच अडून बसलासा.”

काल संध्याकाळी ती घरातून हललीही नव्हती. खुर्चीतल्या माणसाकडे बघत बसली होती.

“काय बोलली ती?”

“ती कोन? तुमी?” हंबीरराव आता हसत नव्हते. “काय न्हाय. रडल्यागत डोळं हुतं. आबांची तब्येत बरी न्हाय का, म्हनून इचारलं मी, तर म्हनालासा, आबा बदललेत. आनि सांगाडा डाव्या हातात घिऊन गेलासा. मला वाटलं, उजवा भाजलाय म्हनून असंल. मनगटाला हा एवढा जुना डाग.”

संघप्रियाच्याही मनगटाला डाग होता. कॉलेजात असताना सोल्डरिंगची कांडी लागून भाजलेलं, आबांनी त्यावर थंड ताक ओतलं होतं. पण तो डाग डाव्या मनगटाला. कामाचा हात तिचा उजवा. बोर्ड डाव्या हातात धरते आणि कांडी उजव्या.

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं तो डाग दुसऱ्या हातानं झाकून धरला. कुठंतरी आणखी एक बाई आज अशीच बसली असेल, तिच्या टेबलावर तो सांगाडा असेल, खुर्चीत डाव्या कानाचा म्हातारा असेल, आणि तो तिला पिऊ म्हणत असेल. तिला त्या बाईची दया आली. पण दया वेगळी आणि आबा वेगळे. आबा द्यायचे नाहीत, मग पलीकडे कुणीही असो.

६

लाईट गेली. गल्लीतली गिरणी थांबली, टीव्ही थांबले. संघप्रियानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि लॅपटॉप टेबलावर ओढला. खुर्चीतल्या आबांना तिनं काही सांगितलं नव्हतं. ते आपणहून उठले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

तिनं फ्लॉपीचा खटका दाबला. पार्ट बाहेर आला. खण रिकामा झाला आणि त्यातून गार वारा आला. त्याला उसाच्या मळीचा वास होता, आणि भाकरीचा. दोन बोटं उंचीची फट ती, पाठीमागे सर्किट असायला हवं. तिनं वाकून आत बघितलं.

फरशी दिसली. तिच्याच दुकानाची फरशी, काजळी नसलेली. खुर्चीचे दोन पाय. एक अनवाणी पाऊल, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, गेल्या महिन्यात पाटा पडून. ते नख तिनं स्वतः धुतलं होतं.

मग फटीसमोर एक मनगट आलं आणि सगळं झाकलं गेलं. मनगटावर डाग होता.

संघप्रिया मागे सरली नाही. तिनं ती पलीकडची फ्लॉपी खणात सरकवली. टेबलावर ठेवायची नाही, नुसती टाकायची नाही. ती आत हात घालत गेली, बोटं, पंजा, मनगट, जिथं हात मावणं शक्य नव्हतं तिथंपर्यंत. आत कुणीतरी तिच्या हातून पार्ट घेतला आणि दुसरा तिच्या पंजात ठेवला. तो पार्ट कोमट होता. पलीकडची बाईही कुणा बाळासोचीच मुलगी होती, नियम तिलाही शिकवला होता.

खट्ट. पलीकडे खट्ट.

मग बॅटरी. ती काढल्यावर लॅपटॉप बंद पडायला हवा होता. पडला नाही.

सीडीचा पार्ट हातात घेतला तेव्हा मात्र ती थांबली. शेजारी उभा असलेला म्हातारा तिच्याकडे बघत होता.

“आबा,” ती म्हणाली.

“घाल की,” ते म्हणाले. “मीबी वाट बघतोय. तुझा आबा असल्यागत बसलो म्हनून राग धरू नगंस. म्हातारा मानूस, परक्या घरात आनि काय बोलनार?”

तिला रडू आलं आणि तिनं ते दाबलं नाही. रडत रडतच हात आत घातला. पार्टाचं दुसरं टोक पलीकडून धरलं गेलं. तिचा जुना पार्ट तिच्या पंजात टेकला. पण या वेळी दोघींपैकी कुणीच सोडेना. पलीकडच्या बाईची पकड तालमीतल्या माणसाच्या मुलीची होती, आणि हिचीही. आधी तू दे, असं दोन्ही हात म्हणत होते. खांदा निखळेल असं झालं. बोटं कुठली आपली आणि कुठली तिची ते कळेना.

“आधी माझं आबा,” संघप्रिया त्या फटीत तोंड घालून म्हणाली. “त्याशिवाय सोडत न्हाय. हात तुटला तरी सोडत न्हाय. तुला काय करायचंय ते कर.”

आतूनही तेच शब्द आले, तिच्याच आवाजात, जरा वेळानं.

भोंगा झाला. एकाच वेळी दोन्हीकडून, रस्त्यावरून आणि स्वयंपाकघरातून. हाताला एक हिसका बसला आणि ती टेबलावरून मागे फेकली गेली.

खट्ट.

मागचा खट्ट तिनं बराच वेळ ऐकायचा प्रयत्न केला. तो आला नाही.

७

लाईट आली तेव्हा पंखा आधी फिरायला लागला. लॅपटॉप बंद होता, पार्ट जागच्या जागी. शेजारी कुणी उभं नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत आबा बसले होते आणि झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत होते. पायाच्या अंगठ्याचं नख काळं. डावा कान गोळा.

“पिऊ,” ते म्हणाले, “पानी दे गं जरा.”

ती आत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर काळी कुसं पडली होती. ती बघून तिला हसू फुटलं, आयुष्यभर पुसताना जिचा कंटाळा आला होता ती घाण. तिनं आईचा तांब्या उचलला आणि अंगठ्यानं पोचा शोधला. पोचा होता. पण अंगठा त्यात नीट बसेना. जरा वेळानं तिच्या लक्षात आलं, तांब्या तिनं डाव्या हातात धरला होता.

तिनं तो उजव्या हातात घेतला. अवघडल्यासारखं झालं. तशीच ती बाहेर आली आणि आबांच्या पुढे धरला.

आबांनी तांब्याला हात लावला, आणि घ्यायचं थांबले. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. डावं मनगट कोरं होतं. आबांनी आधी एक मनगट बघितलं, मग दुसरं, मग मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं. ती आदल्या दिवशी ज्या नजरेनं एका म्हाताऱ्याचा कान बघत होती, तीच ती नजर.

“पिऊ, ह्यो डाग त्या हाताला हुता न्हवं? मीच ताक वतलं हुतं.”

तिनं हात मागे घेतला नाही. पदरात लपवला नाही. तांब्या तसाच पुढे धरून ती त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिली.

“पयल्यापासनं हितंच हाय की, आबा,” ती म्हणाली. “पानी प्या.”